शकूरभाऊच्या फोनातलं गाव

सोनाळ्यात ई-मेल नावाची गोष्ट आली ती शकूरभाऊच्या हातून आली, आणि बरीच वर्षं ती त्याच्याच हातात राहिली. बसस्टँडला लागून गुलाबरावच्या गाळ्यांची रांग आहे. त्यातल्या टोकाच्या गाळ्यात, झेरॉक्सच्या मशीनमागं, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि पुढ्यात पिवळा पडलेला कीबोर्ड घेऊन हा माणूस बसायचा. सातबारा काढून द्यायचा, पीकविमा भरायचा, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज टाकायचा. कोणत्याही अर्जात ई-मेलचा रकाना आला की गिऱ्हाईक त्याच्याकडं आणि तो गिऱ्हाइकाकडं बघायचा.

"हाय का?"

"काय?"

"राहू द्या. बनवतो."

झालं काम. आता बनवतो म्हणजे कसं, तेही ऐका. पासवर्ड म्हणून गावाचं नाव इंग्रजीत आणि पुढं पिनकोड. खातं सरपंचाचं असो की सालदाराचं, पासवर्ड तोच. मोबाईल नंबर मागितला की दुकानाचा. एका नंबरावर फार खाती काढता येईनात तेव्हा त्यानं बायकोचा, अंजुमचा नंबर दिला, मग मेव्हण्याचा. आणि ही सगळी खाती दुकानातल्या एका जुन्या फोनात भरून ठेवलेली. तो फोन काउंटरवर, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर दिवसभर उताणा पडलेला असायचा. कोणाचंही पत्र आलं की तो वाजायचा.

"अख्खं गाव माह्या फोनात हाये," असं शकूरभाऊ चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचा, आणि ऐकणारे कौतुकानं मान हलवायचे. यात काही वावगं आहे असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता. कोणाच्या पोराला नोकरीचा नकार आला तर आधी तो वाचायचा, घरी जाऊन चहा प्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा आणि मग हळूच सांगायचा. त्याला वाटायचं, ही सेवा आहे. आणि खरं बोलायचं तर सगळ्यांच्या आधी सगळं कळण्यात त्याला मजाही यायची. ती कोणाला येत नाही?

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आदल्या हंगामात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, अशी गत होती. नुकसानीचे अर्ज भरायला लोक शकूरभाऊकडं लोटले, तेव्हा कळलं की अर्जाला बियाण्याचं पक्कं बिल लागतं. निम्म्या गावाकडं ते नव्हतंच. निम्म्या गावानं गुलाबरावच्या कृषी सेवा केंद्रातून 'चोर बीटी' नेलेली. म्हणजे परवानगी नसलेलं, बिनाबिलाचं, भलत्याच थैलीत भरलेलं बियाणं. तणनाशक मारा, तण मरतं, कापसाची पऱ्हाटी मरत नाही, एवढं एक आमिष. अळी काही ते आमिष वाचून मागं फिरली नाही. आणि यंदा मे महिना सरायच्या आतच गुलाबरावच्या शेतातल्या गोठ्यात तसल्याच थैल्यांची थप्पी लागली होती. पेरणीच्या तोंडावर त्या घरोघर जाणार, आणि एकदा गेल्या की पुरावा मातीत जाणार.

हे सिंधूताईनं पाहिलं. तिच्या वावराची वाट गुलाबरावच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्या गोठ्याला लागूनच जाते. सिंधूताई म्हणजे बचत गटाची अध्यक्ष, सातवी पास, आवाज खणखणीत. नवरा पंजाबराव कमरेनं अधू, म्हणून शेत तीच बघायची. आदल्या वर्षी बिल नाही म्हणून तिचा अर्ज शकूरभाऊच्याच टेबलावरून परत गेला होता. यंदा थैल्या दिसल्या तशी ती थेट दुकानात आली, गिऱ्हाईक नाही असं बघून खुर्ची ओढली आणि म्हणाली, "शकूरभाऊ, जिल्ह्याच्या कृषी ऑफिसात तक्रार धाडाची हाये. मेलवर. नाव बाहेर पडलं नाही पायजे."

शकूरभाऊचे हात कीबोर्डावरच थांबले. रोजा होता, घशाला कोरड होती.

"ताई, पुंजाजीचं काय झालं, मालूम हाये ना?"

तिला चांगलं माहीत होतं. पुंजाजी हा तिचाच शेतशेजारी. दोन हंगामांमागं त्यानं चावडीवर सगळ्यांसमोर गुलाबरावला बियाण्याबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटेवरच्या धुऱ्यावर बाभळीच्या काट्या पडल्या. वाट बंद. ऐन पेरणीत बैल आत जाईनात. तहसीलच्या चकरा मारता मारता हंगाम निघून गेला, आणि पुंजाजी आता जावयाकडं पिंपळगाव राजा या गावी राहतो. वावर पडीक आहे. गुलाबरावनं त्याला बोट लावलं नाही की शिवी दिली नाही.

"म्हणूनच सांगून राह्यली," सिंधूताई म्हणाली. "नाव निघालं तं माही वाट गेली. अन् वाट गेली तं वावर गेलं."

शकूरभाऊनं तिच्या खात्यातून तक्रार लिहून पाठवली. ते खातं त्यानंच गटाच्या कामासाठी काढलेलं होतं. पासवर्ड अर्थातच गावाचाच. ती उठून गेली तेव्हा त्याला चांगलं काम केल्यासारखं वाटलं. तो फोन मात्र कागदांच्या गठ्ठ्यावर तसाच उताणा पडला होता, आणि त्याच्याकडं या शहाण्याचं लक्षही गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी दुकानात रंगराव बसला होता. रंगराव हा गुलाबरावच्या केंद्रातला माणूस. माल उतरवायचा, मोजायचा आणि गावातलं ऐकलेलं मालकाच्या कानावर घालायचा. आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. शकूरभाऊ मशीनचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढत होता आणि पाठीमागं फोन वाजला.

तो वळला तोवर रंगराव फोनावर वाकला होता. काचेवर वरच्या कडेला खात्याचं नाव, मग कृषी कार्यालयाचं, त्याखाली 'आपली तक्रार' आणि पुढं दोन-चार शब्द. शकूरभाऊनं झडप घातली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून त्यानं सावकाश हात पुढं केला आणि फोन पालथा घातला.

"कोणाची तक्रार बे?" रंगरावनं विचारलं.

"पीकविम्याची. गावातल्या निम्म्या लोकायची हाये."

"वरतं नाव व्हतं काहीतरी."

"असन. मले तं चष्म्याबिगर दिसत बी नाही."

रंगराव हसला. झेरॉक्स घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. जाताना पुन्हा एकदा त्या पालथ्या फोनाकडं बघितलं. त्यानं नाव वाचलं होतं की नव्हतं, हे शकूरभाऊला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव स्वतः दुकानासमोरून गेला. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली, आवाज नेहमीसारखा गोड. पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला, "शकूर, तुह्या फोनात लय आवाज येते म्हणे. फुरसतीनं येतो एखाद दिवशी पाहाले." आणि निघून गेला. म्हणजे नाव वाचलं नव्हतं. पण शोधायला तो येणार होता, आणि आला तर फोन पुढं कर म्हणायला त्याला वेळ लागणार नव्हता. गाळा त्याचा होता.

शकूरभाऊनं सिंधूताईला बोलावून सगळं सांगितलं. ती आधी घाबरेल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"माह्यं पत्र तुमच्या फोनात काऊन येते?"

"सगळ्यायचंच येते, ताई."

"सगळ्यायचं? म्हणजे माह्या पोरानं, शिवमनं पुण्याहून धाडलेली कागदं, यायच्या दवाखान्याचे रिपोर्ट, सारं तुम्ही पाह्यलं?"

त्यानं पाहिलं होतं. पंजाबरावच्या कमरेचं ऑपरेशन होण्यासारखं नाही, हे त्याला तिच्या आधी कळलं होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याला लाज वाटली, अगदी सरळ लाज वाटली.

ऑफिसचं उत्तर असं होतं : तक्रारीचा नंबर दिला आहे, नाव गुप्त ठेवू, थैल्यांचे फोटो आणि नेमकी जागा कळवा, पथक पाठवू. म्हणजे आणखी पत्रव्यवहार होणार होता, आणि तो या फोनावरून होणं शक्य नव्हतं.

सिंधूताईनं पदर खोचला. "शकूरभाऊ, असा मेल नाही का भेटत, जो तुम्हाले बी दिसणार नाही?"

हा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागला. पण तो घेऊन तो घरी गेला.

घरी त्याची लेक मलिहा सुट्टीत आलेली होती. खामगावला मावशीकडं राहून कॉलेज करायची. तिनं बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अब्बू, सबका एकच पासवर्ड?" एवढंच म्हणाली. मग दोघं तिच्या मोबाईलवर शोधायला बसले. वीज गेलेली, अंजुम मधूनमधून येऊन पुठ्ठ्यानं वारा घालत होती आणि "रोजे में इतना दिमाग मत खपाओ" म्हणत होती.

पहिली सेवा सगळे वापरतात ती. फुकट, सोपी. पण खातं काढायचं तर मोबाईल नंबर द्या. सिंधूताईचा नंबर तर गावात सगळ्यांच्या तोंडपाठ. राहू दे, म्हणाला शकूरभाऊ. दुसरी खासगीपणाची मोठी हमी देत होती, पण तिला परदेशात चालणारं कार्ड लागत होतं. ते सोनाळ्यात कोणाकडं असणार? तिसरी एका दूरच्या देशातली. नाव-गाव विचारत नव्हती, नंबर मागत नव्हती, पत्रांचा डबा लहान पण फुकट. आणि पत्रांना कुलूप असं की कंपनीच्या लोकांनाही आतलं वाचता येऊ नये, असं तिथं लिहिलेलं होतं.

"अन् पासवर्ड विसरला तं?" शकूरभाऊनं विचारलं.

मलिहानं वाचून दाखवलं. विसरला तर दुसरा पासवर्ड घेता येईल, पण जुनी पत्रं पुन्हा उघडणार नाहीत. कोणीच उघडू शकणार नाही.

"ही कसली कंपनी? गिऱ्हाइकाले मदत बी करत नाही?"

"अब्बू, तिला उघडता आलं तर दुसऱ्या कोणालाही उघडता येईल ना."

शकूरभाऊचा सगळा धंदा, सगळा मान 'शकूरभाऊ, विसरलो बुवा' या एका वाक्यावर उभा होता. आणि जिच्यापुढं आपणही काही करू शकणार नाही अशी जागा तो शोधून काढत होता. मलिहानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हे कुलूप पत्र आपल्या डब्यात असेपर्यंतच. सरकारी ऑफिसात पोचलं की ते तिथल्या संगणकावर उघडंच असणार, म्हणून पत्रात नाव घालायचं नाही, तक्रारीचा नंबर तेवढा लिहायचा. दुसरी म्हणजे हे खातं दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडायचंच नाही. ज्याचं त्यानं आपल्या फोनावर उघडायचं.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई त्यांच्या घरी आली. शिवमनं घेऊन दिलेला मोबाईल तिच्याकडं होता. सगळं नीट लावून झाल्यावर पासवर्डाची जागा आली. सवयीनं शकूरभाऊचा हात पुढं गेला. सिंधूताईनं फोन छातीशी धरला. तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला, आणि आत एका बोटानं एकेक अक्षर दाबण्याचा आवाज येत राहिला. इतका वेळ लागला की त्याचा जीव कासावीस झाला. दोनदा तो दारापर्यंत गेला आणि दोनदा मागं फिरला.

फोटोंचं वेगळंच निघालं. तिनं थैल्यांचे फोटो आपल्या धुऱ्यावरून काढले होते. कोपऱ्यात तिचीच बाभळ आणि तिच्याच विहिरीचा काठ. गावातलं पोरगंही ओळखेल की हा फोटो कुठून काढलाय. शकूरभाऊनं ते पाठवू दिले नाहीत. कुलूप कितीही भारी असू दे, फोटोतली बाभळ बोलणारच. ती पुन्हा गेली. गुरांसाठी कुटार आणायच्या निमित्तानं गोठ्याच्या मागल्या बाजूनं, नुसत्या थैल्या दिसतील असे फोटो घेऊन आली. येताना रंगराव समोरून आला आणि "काय ताई, इकडं कुठं?" म्हणाला. तिनं डोक्यावरचं कुटार दाखवलं. हे सांगून झालं आणि पत्र तिनंच पाठवलं.

आता राहिला तो जुना फोन. त्यातलं तिचं खातं पुसून टाकायचं, म्हणजे सुटलो, असा शकूरभाऊचा हिशेब. बोट बटनावर होतं, आणि तेवढ्यात त्याला सुचलं. गटातल्या सगळ्या बायकांची खाती या फोनात आहेत. एकट्या अध्यक्षीणबाईचंच नसलं, तर गुलाबरावला आणखी काय हवं? नसलेलंच नाव तो आधी वाचेल. एकीला लपवायचं तर सगळं गावच या फोनातून बाहेर काढावं लागणार होतं.

आणि त्यानं ते केलं. उन्हातान्हात, रोज्याच्या तोंडानं, घरोघर निरोप धाडले. "नवा नियम आला. आपलं खातं आपल्या फोनात न्या. नंबर आपला, पासवर्ड आपला." लोक कुरकुरत आले. "तुमच्याकडं काय वाईट व्हतं, भाऊ?" बेबीताईनं नवा पासवर्ड भर दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला आणि वर विचारलं, "बराबर हाये ना?" तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावावं लागलं. एका म्हाताऱ्यानं बायकोचं नाव टाकलं आणि तिला सांगू नका म्हणाला. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांनी सुनेचा, नातवाचा नंबर दिला. जुन्या फोनातून एकेक नाव जात होतं. शकूरभाऊला आतून काहीतरी निसटत असल्यासारखं वाटायचं. पण सिंधूताईचं नाव त्या गर्दीत निघून गेलं, आणि ते कोणाला कळलं नाही.

रंगरावही आला. त्याचंही खातं त्यातच होतं. हाताचा आडोसा करून त्यानं पासवर्ड टाकला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "मालकाले बी दिसणार नाही ना हे?"

"कोणालेच नाही," शकूरभाऊ म्हणाला.

रंगराव खूश होऊन गेला, आणि या वेळी मालकाला काही सांगायला गेला नसावा.

त्यानंतरचे दिवस शकूरभाऊला फार जड गेले. ऑफिसचं उत्तर आलं की नाही, पथक येणार की नाही, त्याला काहीच कळत नव्हतं. फोन गठ्ठ्यावर मुका पडलेला. सिंधूताई एकदा रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली, कागद घेतला आणि गेली. त्यानं डोळ्यांनी विचारलं. तिनं डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. त्याला तिचा रागच आला. मग स्वतःचा आला. आणि आभाळात ढग जमायला लागले होते. रोज संध्याकाळी वाटायचं, आज थैल्या निघाल्या.

पथकाची जीप आली ती सकाळीच. बसस्टँडवर न थांबता धुऱ्याच्या वाटेनं थेट गोठ्यावर गेली. दुपारपर्यंत थैल्या बाहेर काढून मोजल्या, पंचनामा झाला, केंद्राला कुलूप लागलं. गाव लांबून बघत होतं, जवळ कोणी गेलं नाही.

जीप गेली आणि गुलाबराव आला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, कोपऱ्यात सिंधूताईही होती, गटाच्या कामाला आलेली. गुलाबरावनं कोणाकडं बघितलं नाही. गोड आवाज आज घरी राहिला होता.

"फोन दे."

शकूरभाऊनं दिला. गुलाबरावनं तो रंगरावकडं फेकला. रंगराव बोट फिरवत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "मालक, यात कोणीच नाही. शकूरभाऊचं एकट्याचंच हाये."

"गाव कुठं गेलं बे?"

"आपापल्या घरी," शकूरभाऊ म्हणाला.

"काऊन खाली केला? माह्यापासून काय लपवाचं व्हतं?" गुलाबराव काउंटरवर वाकला. "कोणाले तरी वाचवून राह्यला तू. नाव सांग. आत्ता सांग, तं तुह्यं दुकान राह्यते."

शकूरभाऊच्या डोळ्यांपुढं पुंजाजीच्या धुऱ्यावरच्या काट्या आल्या. मलिहाचं कॉलेज आलं, अंजुम आली. त्यानं कोपऱ्यात बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

"म्याच केली तक्रार," तो म्हणाला. "माह्याच मेलवरून. धाडली अन् पुसून टाकली."

"तुले ना वावर, ना पऱ्हाटी. तू कायची तक्रार करतं?"

"लोकायचे अर्ज माह्या टेबलावरून परत गेले. म्या पाह्यले."

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळं त्याच्या आवाजाला जोर आला. गुलाबराव काउंटरवरून सरळ झाला. मग म्हणाला, "ठीक. सांजच्याले गाळा खाली पायजे."

शकूरभाऊनं मान डोलावली. त्याला रडू येत होतं, पण आतून सुटल्यासारखंही वाटत होतं. नाव राहिलं. आता काय व्हायचं ते होवो.

"तक्रार त्यायनं नाही केली," कोपऱ्यातून आवाज आला. "म्या केली."

शकूरभाऊनं जोरजोरात मान हलवली. सिंधूताईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. गुलाबरावला आधी हसू आलं. "ताई, तुम्ही बसा. तुम्हाले अंगठ्याशिवाय काही टाईप कराले येते का?"

सिंधूताई पुढं आली. मोबाईल काढला, पदराआड धरून एका बोटानं काहीतरी दाबलं. तिनं फोन गुलाबरावपुढं धरला. रंगरावनं घ्यायला हात केला तर तिनं मागं ओढला. "हात नाही लावाचा. माह्या हातातूनच वाचा."

आणि गुलाबरावनं वाचलं. तक्रारीचा नंबर, गोठ्याची जागा, ऑफिसची उत्तरं, शेवटी पथक कधी येणार ते. वाचताना त्याचे ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आता कोण्या वाटेनं पेरतं, पाहतो," आणि पायऱ्या उतरून गेला. गाळ्याबद्दलचा शब्द त्यानं मागं घेतला नाही.

संध्याकाळी शकूरभाऊ हातगाड्यावर कॉम्प्युटर चढवत होता. सिंधूताई आली आणि वायरी गुंडाळायला लागली. तो तिच्यावर उखडला. उखडणारच, माणसाचं दुकान गेलं होतं.

"काऊन बोलल्या तुम्ही? म्या माह्यावर घेतलं व्हतं ना? गाळा तं माहा गेलाच, आता तुमची वाट बी गेली. एवढं सारं केलं ते कशाले?"

"मले वाचवाले केलं. मालूम हाये मले."

"मंग?"

तिनं वायरीची गुंडाळी गाड्यावर ठेवली. वाट बंद झाली तर नाल्यातून बैल उतरवायचे, त्यासाठी दरड फोडायला माणसं लागणार, हे ती रस्त्यानं येताना ठरवूनच आली होती. घाबरलेली होतीच, ते ती लपवतही नव्हती.

"भाऊ, तुमच्या फोनातून माह्यं नाव निघालं असतं, तं मी चोरावानी सापडली असती," ती म्हणाली. "अन् तुमच्या तोंडून माह्या जागी तुमचं नाव निघालं, तं मी जलमभर तुमच्या पाठीमागं लपली असती. म्या माह्या तोंडानं सांगतलं. फरक हाये का नाही?"

इतकी वर्षं अख्ख्या गावाची पत्रं शकूरभाऊनं सगळ्यांच्या आधी वाचली, आणि या बाईच्या मनात काय आहे ते त्याला आत्ता, तिनं सांगितल्यावर कळत होतं.

"हाये," तो म्हणाला, आणि गाड्याचा दांडा उचलला.